कॅल्क्युलेटरवर असेंब्ली शिकायचीय? मग एडिटर कुठला घ्यायचा?

"असेंब्ली शिकायला सुरुवात करायचीय, एडिटर कुठला टाकू?" हा प्रश्न तळेगाव, वडगाव, कामशेत, लोणावळा या पट्ट्यातल्या बीएस्सी-एमएस्सीच्या मुलामुलींकडून मला वरचेवर येतो. विचारणाऱ्याने बहुतेक वेळा आधीच चार-पाच व्हिडिओ बघितलेले असतात, तीन एडिटर टाकून काढलेले असतात, आणि प्रोग्रॅमची एकही ओळ लिहिलेली नसते.

माझं उत्तर आधीच सांगून टाकते, म्हणजे घाईत असलेल्यांना पुढे वाचायची सक्ती नाही. विंडोजवर नोटपॅड++, लिनक्सवर जीनी. असेंब्लर वेगळा, कमांड लाइनवरून चालवायचा. प्रोग्रॅम तपासायला इम्युलेटर. सगळं एकाच खिडकीत देणारं तयार वातावरण पहिला महिनाभर घ्यायचं नाही. असं का, ते खाली सांगते. मुद्दा एडिटरच्या रंगरूपाचा नाही. तुम्ही लिहिलेली ओळ आणि मशीनमध्ये गेलेले बाइट यांच्यामध्ये काय घडलं, ते तुम्हाला दिसतं की झाकलं जातं, हा खरा प्रश्न आहे.

आता कॅल्क्युलेटरच का? आपल्याकडे परीक्षेला कॅसिओचा एफएक्स-९९१ चालतो. त्यावर स्वतःचा मशीन कोड चढवायची अधिकृत सोय नाही. आपण बोलतोय ते टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या टीआय-८३ प्लस आणि टीआय-८४ प्लस या ग्राफ काढणाऱ्या कॅल्क्युलेटरांबद्दल. अमेरिकेतल्या शाळांमध्ये ते सर्रास दिसतात. इथे कुणाच्या तरी मामेभावाने तिकडून आणलेला एखादा सापडतो, नाहीतर कॉम्प्युटरवरचा इम्युलेटर. पण त्यांच्या पोटात झेड-८० हा प्रोसेसर आहे, आणि आपल्या मुलांसाठी ती मोठी सोय आहे.

बारावीला बायफोकल कॉम्प्युटर सायन्स घेतलं असेल तर ८०८५ चे प्रोग्रॅम तुम्ही जर्नलमध्ये लिहिलेत. पानावर उभे रकाने आखायचे: पत्ता, ऑपकोड, लेबल, निमॉनिक, शेरा. ८०८५ आणि झेड-८० दोघेही १९७६ चे आणि दोघांचा पूर्वज एकच, इंटेलचा १९७४ चा ८०८०. झेड-८० बनवणारी झायलॉग कंपनी काढणारे फेडेरिको फॅजिन तर आधी इंटेलमध्ये ८०८० वरच काम करत होते. त्यामुळे आज्ञांची नावं बदलली तरी आतले बाइट बरेचसे तेच राहिले. आपण म्हणायचो 'एमव्हीआय ए, ०५'. झेड-८० वाला म्हणतो 'एलडी ए, ५'. दोन्हींचा मशीन कोड एकच: ३ई ०५. 'मूव्ह ए, बी' आणि 'एलडी ए, बी' दोन्ही ७८. 'आरईटी' दोन्हीकडे सी९. (आज्ञा मी वर्गात आपण मोठ्याने म्हणतो तशा लिहितेय, टाइप करताना अर्थात रोमन अक्षरं.)

सगळं जुळतं असं मात्र नाही. ८०८५ मधली 'रिम' ही आज्ञा म्हणजे २०, आणि 'सिम' म्हणजे ३०. झेड-८० मध्ये त्याच दोन बाइटांचा अर्थ अटीवर जवळची उडी मारणं असा होतो. जर्नलमधला जुना प्रोग्रॅम जसाच्या तसा उतरवताना ही गोष्ट लक्षात ठेवा.

आता प्रोग्रॅमचा प्रवास. एडिटरमध्ये तुम्ही फक्त मजकूर लिहिता. असेंब्लर तो वाचून बाइट तयार करतो. मग त्या बाइटांना कॅल्क्युलेटर ओळखेल असं वेष्टण चढतं, तयार फाइल इम्युलेटरमध्ये किंवा खऱ्या यंत्रात जाते, आणि तिथे 'एएसएम' ही आज्ञा देऊन प्रोग्रॅम चालवायचा. स्पॅझम नावाचा असेंब्लर वेष्टणासकट फाइल देतो. जुना टॅझम फक्त बाइट देतो, वेष्टण दुसऱ्या छोट्या प्रोग्रॅमने चढवावं लागतं. एडिटर या साखळीतली पहिली कडी आहे, आणि तिचं काम एकच: तुम्ही जे टाइप केलं तेच, तसंच, फाइलमध्ये ठेवणं. ऐकायला अगदी साधं वाटतं. पण गडबड नेमकी इथेच होते.

एक छोटा प्रोग्रॅम घेऊ. पडदा पुसायचा, कर्सर वरच्या डाव्या कोपऱ्यात न्यायचा, एचएल मध्ये मजकुराचा पत्ता भरायचा, मजकूर छापायचा, 'आरईटी'. त्याखाली रोमन लिपीत 'मावळ' ही पाच अक्षरं आणि शेवटी एक शून्य. टीआय-८३ प्लसवर प्रोग्रॅम ९डी९५ या पत्त्यापासून चालू होतो. पडदा पुसणं, कर्सर नेणं आणि छापणं ही कामं कॅल्क्युलेटरच्या ओएसमधले तयार रूटीन करतात. त्यांना हाक मारायला 'बीकॉल' वापरतात, आणि प्रत्येक बीकॉल ३ बाइट खातो: ईएफ, मग रूटीनचा दोन बाइटांचा क्रमांक उलटा. (ईएफ म्हणजे आपल्या ८०८५ चं 'आरएसटी ५'. जुनी ओळख निघाली की नाही!) हिशेब करा: ३, ३, ३, ३, मग 'आरईटी'चा १, मग मजकुराचे ६. एकूण १९ बाइट. 'आरईटी' बसतो ९डीए१ वर आणि मजकूर सुरू होतो ९डीए२ वर.

आता गंमत बघा. टॅझमसारख्या जुन्या धाटणीच्या असेंब्लरमध्ये ओळीच्या अगदी पहिल्या जागेपासून जे सुरू होतं ते लेबल समजलं जातं. आज्ञा नेहमी थोडी आत, म्हणजे एक टॅब किंवा काही जागा सोडून लिहायची. समजा तुमच्या एडिटरने, किंवा कोड ज्या मार्गाने तुमच्यापर्यंत आला त्या मार्गाने, ओळींच्या सुरुवातीच्या मोकळ्या जागा खाल्ल्या आणि 'आरईटी' डावीकडे चिकटला. असेंब्लरला वाटतं, आरईटी नावाचं लेबल आहे. एरर नाही, तक्रार नाही, फाइल तयार. फक्त तिच्यात सी९ नाही.

अशी फाइल चालवल्यावर पडद्यावर 'मावळ' व्यवस्थित येतं, कारण छापायचं काम आधीच होऊन गेलंय. मग प्रोसेसर परत फिरण्याऐवजी सरळ पुढे जातो आणि अक्षरंच आज्ञा म्हणून वाचू लागतो. रोमन 'एम' म्हणजे ४डी, म्हणजे 'एलडी सी, एल'. 'ए' म्हणजे ४१, 'एलडी बी, सी'. 'व्ही' म्हणजे ५६, 'एलडी डी' आणि एचएल दाखवतो त्या पत्त्यावरचा बाइट. 'एल' म्हणजे ४सी, 'एलडी सी, एच'. शेवटचं शून्य म्हणजे काहीच न करणं. इथवर नुकसान नाही. पण त्यापुढे मेमरीत जे पडलं असेल ते आज्ञा म्हणून चालतं. कॅल्क्युलेटर अडकतो, नाहीतर रॅम पुसून नव्याने सुरू होतो. नवशिका मग छापणाऱ्या ओळींमध्ये चूक शोधत बसतो, कारण डोळ्यांना तेवढंच दिसलेलं असतं.

हे पकडायचं साधन म्हणजे लिस्टिंग फाइल. असेंब्लर मागितल्यावर एक फाइल लिहून देतो: डावीकडे पत्ता, मग बाइट, मग तुमची ओळ. म्हणजे बारावीचं जर्नलच, फक्त हाताने न भरलेलं. टॅझम ती आपणहून देतो, स्पॅझमला मोठ्या टीचा पर्याय द्यावा लागतो. वरच्या प्रोग्रॅमच्या लिस्टिंगमध्ये एचएल भरणाऱ्या ओळीसमोर २१ ए२ ९डी दिसलं पाहिजे. तिथे २१ ए१ ९डी दिसलं, तर कुठेतरी एक बाइट गळालाय. इम्युलेटर उघडायचीही गरज पडत नाही.

म्हणून एडिटरकडून माझ्या अपेक्षा थोड्याच आहेत. ओळींचे क्रमांक दिसावेत. टॅब, मोकळी जागा आणि न दिसणारी अक्षरं हवी तेव्हा दाखवता यावीत. कोड आणि लिस्टिंग शेजारी-शेजारी उघडता यावेत. फाइल कुठल्या एन्कोडिंगमध्ये जतन होते ते कळावं आणि बदलता यावं. आणि न विचारता काहीही 'सुधारू' नये. रंग, थीम, आपोआप पूर्ण होणारे शब्द हे सगळं नंतर.

विंडोजचं साधं नोटपॅड यातल्या काही गोष्टी करतं आणि पहिल्या दिवसाला पुरतं. त्याचा जुना घोळ म्हणजे फाइलच्या नावापुढे गुपचूप जोडलं जाणारं टीएक्सटी. एक्सटेन्शन लपवलेली असतील तर ते दिसतही नाही, आणि असेंब्लर सांगत राहतो की फाइल सापडत नाही.

नोटपॅड++ मध्ये वर सांगितलेलं सगळं आहे. हलकं आहे, ४ जीबी रॅमच्या सेकंडहँड लॅपटॉपवर पळतं. इन्स्टॉल न करता चालणारी झिप मिळते, आणि हे महत्त्वाचं आहे, कारण कॉलेजच्या लॅबमधल्या मशीनवर काहीही इन्स्टॉल करायची परवानगी सहसा नसते. एडिटर, असेंब्लर आणि इन्क्लूड फाइल असं सगळं पेनड्राइव्हच्या एका फोल्डरमध्ये मावतं. एक सूचना: त्याच्या भाषांच्या यादीतलं 'असेंब्ली' इंटेलच्या एक्स-८६ साठी आहे. झेड-८० ची 'एलडी' त्याला ठाऊक नाही, त्यामुळे रंग आला नाही म्हणून तुमची आज्ञा चुकली असं समजू नका. स्वतःची भाषा घडवायची सोय त्यात आहे. झेड-८० च्या आज्ञा त्यात भरायला अर्धा तास लागतो, आणि भरताना आज्ञांची उजळणी होते ती वेगळीच.

इथे वीजेचाही विचार करायला हवा. जुलै-ऑगस्टमध्ये लोणावळा-कार्ला भागात राहणाऱ्यांना मी वेगळं काय सांगणार! लॅपटॉपची बॅटरी मेलेली असेल तर लाइट गेली की मशीन बंद. नोटपॅड++ न जतन केलेला मजकूर ठरावीक वेळाने, मूळ सेटिंगप्रमाणे दर ७ सेकंदांनी, बाजूला राखून ठेवतं. विम ही ४ सेकंद टायपिंग थांबलं किंवा २०० अक्षरं झाली की स्वॅप फाइल लिहितं. दोन्हीकडे वीज आल्यावर काम परत मिळतं. फक्त एक ध्यानात घ्या: ही राखीव प्रत असते. असेंब्लर मात्र तुम्ही शेवटचं जतन केलं होतं तीच फाइल वाचणार. लाइट आल्यावर आधी जतन करा, मग असेंबल करा.

विमबद्दल आणखी दोन वाक्यं. एडिटर म्हणून जबरदस्त आहे, आणि पुढे दूरच्या सर्व्हरवर काम करायचं असेल तर शिकावंच लागतं. पण असेंब्ली आणि विम दोन्ही एकाच आठवड्यात सुरू करू नका. चुकलं की नेमकं कशामुळे चुकलं हेच कळत नाही.

व्हीएस कोड सगळ्यांना माहीत आहे. झेड-८० साठी त्याची एक्सटेन्शन आहेत, असेंब्लरच्या एररवर क्लिक करून थेट त्या ओळीवर जायची व्यवस्थाही लावता येते. मशीन चांगलं असेल तर खुशाल घ्या. मला खटकतं ते दुसरंच. त्यात असेंब्लर जोडायचं कामच नवशिक्याचे दोन दिवस खातं, आणि त्या दोन दिवसांत तो जे शिकतो ते व्हीएस कोडच्या सेटिंगबद्दल असतं. कुणीतरी दिलेली तयार सेटिंग चिकटवली, तर साखळी पुन्हा झाकलीच गेली.

वॅबिटकोड हे खास याच कॅल्क्युलेटरांसाठी बनवलेलं, विंडोजवरचं. एडिटर, स्पॅझम आणि वॅबिटएमू हा इम्युलेटर असं तिन्ही एकत्र. एक बटण दाबलं की प्रोग्रॅम चालू. हत्यार चांगलं आहे, जाणत्या माणसाचा वेळ वाचवतं. माझा आग्रह एवढाच, की आधी तीच तीन कामं हाताने करा. कमांड प्रॉम्प्टवर स्पॅझम, मूळ फाइलचं नाव, तयार फाइलचं नाव. एंटर. एरर आली तर ओळीचा क्रमांक वाचा, एडिटरमध्ये कंट्रोल-जी दाबून त्या ओळीवर जा. पाच-सहा प्रोग्रॅम असे केले की मग बटण दाबताना पडद्यामागे काय चाललंय ते तुम्हाला ठाऊक असतं.

कॅल्क्युलेटरवरच टाइप करून तिथेच असेंबल करायची सोयही आहे. मिमास हा असा एक प्रोग्रॅम. पण १६ अक्षरांच्या ८ ओळींच्या पडद्यावर, आणि प्रोग्रॅम बिघडला तर रॅम पुसणाऱ्या यंत्रावर, नवशिक्याने मूळ कोड ठेवू नये.

आता मराठीचा प्रश्न. शेरे मराठीत लिहावेत का? माझं मत: जरूर लिहा. अर्धविरामानंतरचा मजकूर असेंब्लर सोडून देतो, तिथे तो देवनागरी असला तरी त्याचं काही बिघडत नाही. 'इथे बी मध्ये किती फेऱ्या उरल्या ते आहे' असा शेरा स्वतःच्या भाषेत लिहिला की विचार कुठे अडलाय ते पटकन कळतं. फाइल यूटीएफ-८ मध्ये ठेवा, मात्र 'बॉम' नसलेल्या. बॉम म्हणजे फाइलच्या सुरुवातीला बसणारे तीन न दिसणारे बाइट, ईएफ बीबी बीएफ. काही एडिटर ते आपणहून घालतात. जुना असेंब्लर त्यांना तुमच्या पहिल्या ओळीचा भाग समजतो आणि दिसायला निर्दोष असलेल्या ओळीवर एरर देतो. नोटपॅड++ च्या एन्कोडिंग मेन्यूत दोन्ही पर्याय वेगवेगळे दिलेले आहेत. छापायच्या मजकुरात मात्र देवनागरी चालणार नाही. एकेक अक्षर यूटीएफ-८ मध्ये ३ बाइटांचं, आणि कॅल्क्युलेटर प्रत्येक बाइट आपल्या फॉन्टमधलं वेगळं चिन्ह म्हणून छापेल.

यापेक्षा जास्त त्रास देतात ती वळणदार अवतरणचिन्हं. कोड वर्डमध्ये ठेवला किंवा व्हॉट्सॲपवरून मागवला, की सरळ अवतरणांची वळणदार होऊ शकतात. माणसाला फरक जाणवत नाही, असेंब्लरला जाणवतो. व्हॉट्सॲपला अधोरेषा आणि तारांकन ही तिरप्या-ठळक अक्षरांची खूण वाटते, आणि टीआयच्या रूटीनांची नावं तर अधोरेषेनेच सुरू होतात. कोड पाठवायचा तर फाइल म्हणून पाठवा.

कुठलाही एडिटर पसंत करण्याआधी ही वीस मिनिटांची चाचणी घ्या. वरचा १९ बाइटांचा प्रोग्रॅम लिहा, एक मराठी शेरा टाका, असेंबल करा, लिस्टिंगमधला प्रत्येक पत्ता बोटाने मोजा. मग मुद्दाम एका आज्ञेचं नाव चुकवा आणि एररपासून त्या ओळीपर्यंत पोचायला किती वेळ लागतो ते पाहा. मग 'आरईटी' डावीकडे चिकटवा आणि तुमचा असेंब्लर काय म्हणतो ते बघा. काही असेंब्लर समजून घेतात, काही नाही. मग 'एलडी ए, ०' च्या जागी 'एक्सओआर ए' लिहून पाहा. लिस्टिंगमध्ये ३ई ०० या दोन बाइटांऐवजी एकच एएफ दिसेल. हे सगळं ज्या एडिटरमध्ये सहज जमलं तो तुमचा एडिटर, मग मित्र काहीही वापरो.

पीएचडीची तयारी करणाऱ्यांनी यात का पडावं? मी ज्या विषयात काम करते तिथे सेन्सरचे आकडे एका छोट्या मायक्रोकंट्रोलरमधून येतात. आकडा विचित्र आला, तर तो निसर्गाचा आहे की माझ्या कोडचा, हे मला सांगता आलं पाहिजे. व्हायव्हात 'हे आउटपुट कसं आलं?' असं विचारल्यावर 'सर, रन केलं' हे उत्तर चालत नाही. प्रबंधात एडिटरचं नाव कुणी लिहीत नाही, पण असेंब्लर किंवा कंपायलरची आवृत्ती, दिलेले पर्याय आणि वापरलेल्या इन्क्लूड फाइल लिहाव्या लागतात. बटणामागे ते लपलेलं असेल तर तीन वर्षांनी शोधून काढणं भयंकर अवघड जातं. लेटेक किंवा पायथनची नोटबुक वापरणाऱ्यांचंही तसंच. नोटबुकमधले तुकडे वर-खाली कुठल्याही क्रमाने चालवून आलेला आलेख पुन्हा काढताना पुष्कळ जण घामाघूम होतात.

इम्युलेटरबद्दल एक सांगायचं राहिलं. त्याला कॅल्क्युलेटरचा रॉम लागतो, आणि रॉम टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या मालकीचा आहे. तो स्वतःच्या कॅल्क्युलेटरमधून काढायचा, कुठूनतरी उचललेला वापरायचा नाही. ओळखीत कुणाकडेच यंत्र नसेल तर हट्ट सोडा आणि जीएनयूसिम-८०८५ घ्या. फुकट आहे, एडिटर त्यातच आहे, आणि लिस्टिंगही दाखवतं. बारावीच्या आज्ञा तिथे जशाच्या तशा चालतात. टीआय-८४ प्लस सीई हे २०१५ चं रंगीत मॉडेल मिळत असेल तर जरा थांबा. त्यात ईझेड-८० हा वेगळा, २४ बिटांपर्यंतचे पत्ते हाताळणारा प्रोसेसर आहे, आणि २०२० मध्ये कंपनीने नव्या ओएसमधून असेंब्ली प्रोग्रॅम चालवायची सोय काढून टाकली. सुरुवातीला जुनं, काळं-पांढरंच बरं.

फोल्डर मात्र पहिल्याच दिवशी नीट लावा. प्रत्येक प्रोग्रॅमला वेगळं फोल्डर. त्यात मूळ फाइल, लिस्टिंग, आणि कुठल्या आवृत्तीच्या असेंब्लरने कुठली आज्ञा देऊन फाइल केली ते लिहिलेली एक छोटी टीप. नावात मोकळी जागा नको, आणि 'फायनल', 'फायनल नवीन', 'फायनल खरंच' असली नावं तर अजिबात नकोत.